आई, तुझा हिशेब चुकला नव्हता

बंगळूर,
रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण हा विषय फोनवर काढला की बाबा "बरं, ठेवू का?" म्हणतात आणि आईला गॅसवरचं दूध आठवतं. म्हणून लिहायला बसले. बाबांनी मोठ्याने वाचायचं आणि आईने शेजारी बसून ऐकायचं. भिंग टीव्हीखालच्या खणात आहे.

आधी सांगून टाकते. मी मंदामावशीशी बोलले. ती पुढच्या सोमवारपासून पुन्हा कामाला येणार आहे. तुम्हाला न विचारता ठरवलं, याबद्दल रागवा, पण तिला परत पाठवू नका. विचारलं असतं तर "राहू दे गं, दोघांची भांडी ती किती" असंच उत्तर आलं असतं, आणि मीही गप्प बसले असते. गेले चार महिने तेच तर केलं. आई त्या गुडघ्यांनी मोरीत बसून भांडी घासते, हे मला दादाकडून कळायला नको होतं.

आता कारण. गणपतीत आले होते तेव्हा आईने लोणच्याची बरणी काढायला सांगितली. तिचा दादरा सोडला तर खाली तेलाच्या पिशवीचा चौकोन बांधलेला, धुऊन, कापून, आई ठेवते तसा. त्यावर लिहिलं होतं, १ लिटर, ९१० ग्रॅम. ओट्यावर त्याच तेलाची चालू पिशवी होती. तोच रंग, तेच सूर्यफूल, उंचीही जवळजवळ तेवढीच. तिच्यावर ८१० ग्रॅम. लिटर हा शब्दच नाही. मला वाटलं, माझी वाचण्यात चूक झाली. मोदकाच्या पिठीसाठी आणलेला वजनकाटा होताच, त्यावर नवी न फोडलेली पिशवी ठेवली. छापलंय तेवढं वजन भरलं, एक ग्रॅमही खोटं नव्हतं.

मग मी आईची वही काढली. आई, तुला न विचारता वाचली, माफ कर. महिन्याला तेल दोन पिशव्या, हे तू किती वर्षं लिहीत आली आहेस. दोन जुन्या पिशव्या म्हणजे १८२० ग्रॅम. तुमचं रोजचं तेल साठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीस दिवस. दोन नव्या पिशव्या १६२० ग्रॅम, भागिले साठ, सत्तावीस दिवस. तुझ्या वहीत गेल्या वर्षापासून दर महिन्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस तारखेला लिहिलेलं आहे, "तेल संपले. कसे?"

ते "कसे?" वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. कारण तेव्हाच तू फोनवर म्हणाली होतीस, "हल्ली माझा हात सुटलाय बहुतेक, नाहीतर माझ्या लक्षात राहत नाहीये." आणि मी तुझं खरं मानलं. दादा आणि मी आपापसात बोललो, की आईला एकदा डॉक्टरांना दाखवू. तुझा हात सुटला नव्हता, आई. तुझं मोजमाप ग्रॅमापर्यंत बरोबर होतं. आपण सगळे पिशव्या मोजत होतो आणि पिशवीच लहान झाली होती.

बाबा, तुम्ही मंदामावशीला कधी वेडंवाकडं बोलला नाहीत, मला माहीत आहे. "तेल जरा जास्तच लागतंय हल्ली" एवढंच म्हणालात. कपड्यांची पावडरही पुरेना, भांड्यांची वडी आठवड्याआधी विरघळायला लागली, तेव्हा कपाटाला ते छोटं कुलूप आलं. कोणी आरोप केला नाही. पण एकोणीस वर्षं त्या कपाटाचं दार तिने उघडलं होतं. आईचा हात मोडला होता तेव्हा तिची वेणी मंदामावशीने घातली आहे. कुलूप दिसल्यावर तिने "मुलीकडे जायचंय" असं सांगून काम सोडलं. मुलीकडे ती गेलीच नव्हती, शेजारच्या बिल्डिंगमध्ये दोन घरं धरली होती.

हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. घरातलं कमी पडलं की माणूस आधी घरातच शोधतो.

आणि बाबा, हे तुमच्या विषयातलं आहे म्हणून सविस्तर लिहिते. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं, साबण, मीठ, डाळी असे एकोणीस प्रकार ठरलेल्या वजनातच पॅक करावे लागत. २०११च्या नियमांत तशी यादी होती. २०२२ साली ती यादी निघाली. आता कंपनीला ८१० ग्रॅम, ७५० ग्रॅम, हवं ते भरता येतं, फक्त ते पाकिटावर छापलं पाहिजे. तेलाची आणखी एक गंमत, तुम्ही नववीच्या मुलांना सांगावी अशी. द्रव तापला की पसरतो ना? २१ अंशाला एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन ९१९.१ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९२.६. काही पिशव्यांवर असं चढं तापमान छापून लिटर पुरं केलेलं असायचं. २०२२ मध्येच सरकारने तेलवाल्यांना सांगितलं, की तापमान छापू नका, लिटरबरोबर वजनही लिहा.

बदल्यात ग्राहकाला एक गोष्ट मिळाली आहे, पण ती इतक्या बारीक अक्षरात असते की तुमच्या मोतीबिंदूला दिसणं शक्य नाही. एमआरपीच्या आसपास 'यूएसपी' लिहिलेलं असतं, युनिट सेल प्राइस. किलोच्या आतलं पाकीट असेल तर एका ग्रॅमला किती पैसे, किलोच्या वरचं असेल तर किलोला किती रुपये. कोपऱ्यावरच्या दुकानात मी दोन पिशव्या शेजारी ठेवून पाहिल्या. ८१० ग्रॅमची १४५ रुपयांना, ९१० ग्रॅमची १५५ला. तुम्ही दहा रुपये वाचले म्हणून १४५ची आणत होतात. तिच्यावर ग्रॅमला ०.१८ रुपये होते, दुसरीवर ०.१७. एक पैशाचा फरक बघून मीही आधी पिशवी खाली ठेवणार होते. पण तो ग्रॅममागचा पैसा आहे. किलोचा हिशेब केला तर १७९ आणि १७०, नऊ रुपये महाग पडत होतं ते स्वस्त तेल. दहा रुपयांची बिस्किटं आणि वड्या तर भावाने कधी वाढतच नाहीत, आतून कमी होत राहतात. मोठं पाकीट स्वस्त पडतं, हेही दर वेळी खरं नसतं. शाम्पूच्या बाटलीपेक्षा पुड्या स्वस्त पडतात, हे आई केव्हापासून सांगते आहे आणि मी केव्हापासून तिला "चिल्लर कशाला" म्हणते आहे.

मला मुंबई ग्राहक पंचायतीच्या आपल्या संघाचे दिवस आठवले, शेजारची घरं मिळून महिन्याचं सामान एकत्र मागवायची ते. पंचायत ७५ सालची आणि तुमचं लग्न ७६चं, असं बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. महिन्याचं सामान आलं की आपल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पोत्यांवर बसू नको म्हणून आई ओरडायची, आणि जोशीकाकू यादी वाचायच्या तशी मी टिकमार्क करायचे. गूळ फोडताना उडालेला खडा माझा, हे ठरलेलं होतं. बाबा एखादी पुडी उचलून हातावर तोलायचे आणि म्हणायचे, "हं, बरोबर आहे." माझ्या लेखी जगातलं कुठलंही वजन तुमच्या हाताने बरोबर ठरत होतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते आणि यात चर्चा नको.

वाणसामानाची यादी आई दर महिन्याच्या पंचवीस तारखेला मला फोनवर सांगेल, पिशव्यांत नाही, किलोत. तेल १८०० ग्रॅम, असं. कुठलं पाकीट घ्यायचं ते मी बघेन आणि दुकानदाराला कळवेन. त्याचा मुलगा तिसऱ्या मजल्यावर आणून देईल, बोलणं झालंय. तुमच्या आवडीचाच चहा येईल, तीच तूरडाळ, आईच्या देवासाठी तोच कापूर. त्यात काही बदलणार नाही. बाबा, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिने चढणं आजपासून बंद. कठडा धरायला एक हात मोकळा हवा. बाजारात फिरायला जा, कोथिंबीर आणा, गप्पा मारा. पाच किलो आणू नका.

वजनकाटा आईच्या पोळपाटामागे ठेवला आहे, सेल घातलेत. छापलेल्यापेक्षा वजन कमी भरलं किंवा यूएसपी नसेल, तर १९१५ला फोन करायचा, ती ग्राहकांची हेल्पलाइन आहे. नुसतं पाकीट लहान झालं म्हणून तक्रार चालत नाही, छापलेलं असेल तर ते कायद्यात बसतं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच. मी पंधरा दिवस सुट्टी घेऊन येते आहे, तारीख तुम्ही घ्या.

डॉक्टरांचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं ते रद्द केलं आहे, आई. तुला त्याबद्दल सांगायचंही नव्हतं, पण लपवून ठेवलं तर मला झोप लागणार नाही.

मंदामावशीला मी सगळं सांगितलं. पिशवीचे दोन्ही फोटो पाठवले, तिच्या मुलाने वाचून दाखवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याकडं बी तेल पुरंना झालंय, मला वाटलं पोरगंच जास्ती वततंय." तिने फक्त एकच विचारलं, "बाईंना गुडघ्याचा शेक कोण देतं हल्ली?"

कुलपाची किल्ली फ्रीजवरच्या वाटीत आहे. आदल्या रात्रीच कुलूप काढून ठेवा, ती यायच्या आधी. ती साडेनऊला येईल. दार आईने उघडावं.

तुमची,
मनू