जुन्या गाडीला टर्बो बसवायचाय? सुरुवात गाडीतल्या पेट्रोल पंपापासून करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांना टर्बो (इंजिनच्या धुरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा, त्याने ताकद वाढते) बसवणाऱ्या पोरांबद्दल वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. भंगारातला टर्बो आणि थोडंसं वेल्डिंग, वीस हजारात काम होतं, असं त्यात होतं. माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, तीस वर्षं लेथवर गेली, आणि हा वीस हजारांचा हिशोब मी माझ्याच गाडीवर करून बघितलाय. तेवढ्यात टर्बो बसतो हे खरं आहे. पण इंजिन टिकत नाही.

गाडी आहे 1989 ची प्रीमियर 118 एनई, वडिलांनी घेतलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पद्मिनी बनवणाऱ्या कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीनेच 1985 मध्ये ही काढली, बॉडी फियाट 124 ची आणि इंजिन निसानचं ए-12, 1171 सीसी, ताकद 52 बीएचपी (हॉर्सपॉवर). हे इंजिन म्हणजे खरंच सोनं आहे, बिडाचा ब्लॉक, क्रँकला पाच मेन बेअरिंग, वर ॲल्युमिनियमचं हेड. हेच इंजिन डॅटसन 1200 ला होतं आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला लोक अजून त्याच्यावर टर्बो बसवतात, त्यामुळे भाच्याच्या डोक्यात आलं की आपण का नाही. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू.

त्याने कागदावर लिहून आणलं, टर्बो 9 हजार, मॅनिफोल्ड (इंजिनला टर्बो जोडणारा धुराचा पाइप) 4, पाइप-क्लॅम्प 3, इतर 4. टर्बो आणला तो डिझेल गाडीचा, कारण जुन्या बाजारात तोच ढिगाने मिळतो. इथेच पहिली चूक. डिझेलपेक्षा पेट्रोल इंजिनचा धूर बराच जास्त गरम असतो, आणि डिझेलचे बरेचसे छोटे टर्बो नुसत्या ऑइलवर थंड होतात, त्यांना पाण्याचं जॅकेटच नसतं. शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो, त्यात ऑइल जळून कोळसा झालं की बेअरिंग गेलंच म्हणून समजा. त्यापेक्षा ॲक्सिडेंटमध्ये गेलेल्या टाटा झेस्ट पेट्रोलचा टर्बो शोधावा, ते इंजिन 1193 सीसी म्हणजे आपल्या 1171 च्या अगदी शेजारचं, हवेचं माप साधारण जुळतं. थोडा महाग पडेल पण तो ह्याच कामासाठी बनलाय.

तरी आमचं इंजिन टर्बोमुळे गेलं नाही. ते गेलं टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या गाडीतल्या पंपामुळे, आणि ही गोष्ट जरा नीट सांगतो कारण बजेटमध्ये हा आकडा कोणी धरतच नाही.

कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) ठेवून आमच्यासारखा टर्बो त्याच्या आधी लावला की हवा कार्बोरेटरमधूनच आत ढकलली जाते, म्हणजे त्यातल्या फ्लोट चेंबरवर, पेट्रोलच्या छोट्या साठ्यावर, पण तोच दाब येतो. आपण 6 पीएसआय (दाबाचं माप) बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, ठेवला. इंजिनवरचा जुना मेकॅनिकल पंप पेट्रोल ढकलतो 3-4 पीएसआयने. आता सहाच्या विरुद्ध चार कसे जाणार? बूस्ट कमी असतो तोवर गाडी झकास पळते, आणि जिथे सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं नेमकं तिथेच चेंबर रिकामा होतो, मग पेट्रोल कमी पडून पिस्टन भाजतो. आंबा घाटात, रत्नागिरीकडून वर चढताना, भाचा गाडी चालवत होता, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, "मामा, बघा कशी ओढतेय!" म्हणाला आणि वळण संपेपर्यंत खडखड सुरू झाली, मग मागे निळा धूर. टेम्पोवर घालून गाडी घरी आणली.

हेड उतरवलं तर चौथ्या सिलिंडरचा पिस्टन एका कडेने मेणबत्तीसारखा ओघळला होता, वरची रिंग त्या वितळलेल्या ॲल्युमिनियममध्येच चिकटून बसलेली, आणि प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर मोहरीपेक्षा बारीक चकचकीत दाणे, ते पण पिस्टनचंच ॲल्युमिनियम. तो प्लग मी टेबलावर ठेवलाय, गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी तोच दाखवतो.

त्यात आता पेट्रोल भरायच्या पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल यायचं बारीक भोक) त्याने मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि जुने रबरी पाइप आतून सुटायला लागतात, त्याचा भुगा जाऊन जेटमध्ये अडकतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की टर्बो विकत घेण्याच्या आधी इलेक्ट्रिक पंप घ्या, बूस्ट वाढेल तसा पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर घ्या, सगळे फ्युएल पाइप इथेनॉल चालणारे टाका, आणि सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवून डॅशबोर्डवर एअर-फ्युएलचा मीटर लावा. हा मीटर महाग वाटतो, पण पिस्टन सेट, बोअरिंग, हेड फेसिंग, गॅस्केट हे सगळं परत करण्यापेक्षा स्वस्तच आहे. आम्ही दोन्ही पैसे भरले. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पण मागे घ्यावं लागतं, दर पीएसआयला साधारण एक डिग्री हा जुना अंदाज आहे, तिथून सुरू करायचं आणि नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटल्याची खडखड) आवाज ऐकत जायचं.

अजून एक, ए-12 ला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत. म्हणजे लालबुंद होणारा टर्बो बरोबर कार्बोरेटरच्या खाली येतो. मध्ये पत्र्याचा हीट शील्ड नसेल तर उन्हाळ्यात गाडी बंद केल्यावर पेट्रोल चेंबरमध्येच उकळतं, परत सेल्फ मारला तर सुरू होत नाही, आणि गळती असेल तर आगीचीच भीती. टर्बोमधून परत येणारं ऑइल फेसासारखं येतं, त्याला जाड पाइप आणि सरळ उतार लागतो, संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) तो ऑइलच्या लेव्हलच्या वर उघडला पाहिजे, नाहीतर टर्बोच्या सीलमधून ऑइल बाहेर यायला लागतं. रेडिएटर, क्लच, ब्रेक ह्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळे 52 बीएचपीच्या हिशोबाचे आहेत एवढं लक्षात ठेवा. आणि सगळ्याच्या आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, फरक 10 टक्क्यांच्या वर असेल तर टर्बोचा विषय तिथेच बंद करून इंजिन काढायला घ्या.

हे सगळं धरून आमचा दुसरा हिशोब सव्वा लाखाच्या घरात गेला, त्यात टर्बो अजून 15 हजारांच्या आतच आहे. मिळणार काय? 6 पीएसआयवर कागदावर 73 बीएचपी निघतात, खरे 65 ते 68 धरा. पॉवर डबल वगैरे काही नाही, पण घाटात ट्रकच्या मागे अडकून राहायचं नाही एवढं नक्की होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

आता संपादक साहेब, ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. मी हे सगळं नीट करायला तयार आहे, पण कायदेशीर करायला जागाच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये तेच परत ठासून सांगितलं, आणि कलम 182-ए प्रमाणे मालकाला दर बदलामागे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्याच कायद्यात इंधन बदलायला मार्ग आहे. सीएनजी किट बसवा, मान्यता असलेलं किट, अधिकृत सेंटर, आरसी बुकात नोंद, झालं. बॅटरीवर चालणारं किट पण चालतं. म्हणजे डिकीत दोनशे बारच्या गॅसची टाकी ठेवायची पद्धत आपण तपासून, मान्य करून, नोंदवून चालवतो, मग 6 पीएसआयचा टर्बो कोणी तपासूच शकत नाही असं कसं? जर्मनीत टीयूव्ही ह्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचे लोक गाडी आणि कागद बघून असे बदल नोंदवून देतात. आपल्याकडे पुण्यात एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, ज्यांना ब्रेक, धूर, आवाज सगळं मोजता येतं. एका गाडीपुरती तपासणी करून घ्यायची फी ठेवा, आम्ही भरू. मी एका कार्यालयात चौकशी केली तर तिथल्या साहेबांनी सरळ सांगितलं की फॉर्मच नाही, त्यांची काही चूक नाही, नियमच नाही तर ते काय करणार.

फॉर्म नाही म्हणून पोरं थांबत नाहीत, लपूनछपून करतात, रात्री हायवेवर ट्राय घेतात. विम्यात नोंद नसते, उद्या काही झालं तर क्लेम मिळणं अवघड, आणि समोरच्या गाडीतल्या माणसाने काय करायचं? म्हणून आपण पेपरमधून परिवहन खात्याला हा प्रश्न विचारावा ही कळकळीची विनंती.

मी काही कापाकापी केलेली नाही. 2021 च्या नियमात 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण इंजिन, चासी, बॉडी मूळची पाहिजे, माझी गाडी 2039 ला त्यात बसेल. म्हणून जुना मॅनिफोल्ड, मेकॅनिकल पंप, एअर फिल्टरचं डबडं सगळं ग्रीस लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय. नवीन पिस्टन बसलेत, पंप पण बसलाय. टर्बो मात्र अजून शेल्फवर आहे, नियम निघेपर्यंत तो तिथेच राहील असं मी भाच्याला सांगितलंय, आणि तो दर आठवड्याला येऊन विचारतो, मामा, काही कळलं का?

आपला,
एक वर्कशॉपवाला वाचक, कोल्हापूर