चि. अमेयला: जीटीओ रोज चालवायची असेल तर

पुणे

चि. अमेय,

अनेक आशीर्वाद.

गाडीचे फोटो पोचले. आजीलाही दाखवले. तिने चष्मा लावून एकेक फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "एवढी लांबलचक गाडी वळते कशी?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर पुढे येईलच.

फोनवर तू इंजिन, कार्ब्युरेटर, रंग असं बरंच काही भरभर सांगितलंस. माझ्या मनात मात्र तुझं एकच वाक्य राहिलं: "आई, ही मी रोज ऑफिसला नेणार." मला फार आनंद झाला. १९६७ची पाँटियाक जीटीओ चादरीखाली झाकून ठेवायची, उन्हाळ्यात दोन-चारदा बाहेर काढून पुसायची आणि पुन्हा झाकायची, असे लोक मी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पुष्कळ पाहिले. मला ते कधी पटलं नाही. त्या एका वर्षात ऐंशी हजारांहून जास्त जीटीओ विकल्या गेल्या. माणसांनी कामावर जावं, शनिवारी रात्री वुडवर्डवर हुंदडावं म्हणूनच त्या बनवल्या होत्या. तुझी गाडी चाललीच पाहिजे.

पण रोज चालवायची म्हटलं की कामाचा क्रम बदलतो. आधी चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि ब्रेक, मग स्टिअरिंग आणि टायर, मग कूलिंग, वायरिंग, सीटबेल्ट. इंजिनची ताकद त्यानंतर आणि रंग सगळ्यात शेवटी. तुझी यादी नेमकी उलटी आहे, म्हणून हे पत्र.

ही गाडी मुळात कशी जन्मली ते तुला माहीत हवं, कारण तिचा गुण आणि तिचा धोका दोन्ही त्यातच आहेत. १९६३ साली जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या कंपन्यांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असाही नियम होता. जनरल मोटर्सच्याच पाँटियाक कंपनीत जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या तिघांनी ३८९ घनइंचांचं मोठं इंजिन साध्या टेम्पेस्ट लमान्समध्ये बसवून पाहिलं. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जास्तीच्या पॅकेजला नव्हता, म्हणून १९६४मध्ये जीटीओ पॅकेज म्हणून बाजारात आली. १९६७पर्यंत इंजिन ४०० घनइंचांचं झालं आणि त्याची ताकद ३३५ अश्वशक्ती सांगितली जाऊ लागली. ब्रेक मात्र त्या साध्या टेम्पेस्टचेच राहिले: चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९६७मध्ये पहिल्यांदा मिळू लागले, तेही जास्तीचे पैसे मोजून. तुझ्या फोटोत पुढे ड्रमच दिसतात.

माझी सगळी नोकरी ब्रेकच्या चाचण्यांत गेली, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहिते. आमच्या डायनामोमीटरच्या (ब्रेकची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) खोलीत ड्रम ब्रेक एकामागोमाग एक दाबत गेलं की आधी लायनरचा (ड्रमवर घासणाऱ्या अस्तराचा) जळका वास यायचा. मग पडद्यावरची रेषा, म्हणजे ब्रेकचा टॉर्क, खाली यायला लागायची. पेडलवरचा दाब तेवढाच, थांबवायची ताकद मात्र कमी. तापलेला ड्रम फुगतो आणि लायनर ज्यावर बसवलेलं असतं त्या शूपासून लांब जातो. लायनरची पकडही उष्णतेने ढिली पडते. रस्त्यावर हे कसं घडतं ते बघ. गाडी सुमारे १,६०० किलोची. साठ मैलांऐवजी सत्तर मैलांचा वेग असेल, तर थांबवताना जिरवायची ऊर्जा छत्तीस टक्क्यांनी वाढते. सकाळी आय-७५ महामार्गावर गर्दीत पहिल्यांदा कचकन थांबशील, तेव्हा ब्रेक छान लागेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी नाही. आणि तुझ्या पुढची गाडी आजच्या काळातली असेल, ती तुझ्या कितीतरी आधी थांबेल.

म्हणून पहिला खर्च पुढच्या डिस्क ब्रेकचा. पूर्ण किट घे. फक्त डिस्क आणि कॅलिपर बदलून जुना मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमध्ये पोचवणारा भाग) तसाच ठेवायचा मोह होईल, कारण १९६७चा मास्टर सिलिंडर दोन भागांचा आहे आणि दिसायला ठीक दिसतो. पण ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवतो. ड्रमला तो हवाच, डिस्कला नको. तो राहिला तर पॅड सतत घासत राहतील आणि महामार्गावर डिस्क तापून लाल होईल. डिस्क-ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर आणि मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, दोन्ही घे. काही किटवर मूळची १४ इंची चाकं बसत नाहीत, ते आधी विचार. ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या टाक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे जुनी नळी आतून गंजते आणि बाहेरून काही कळत नाही. निकेल-तांब्याची नळी हाताने सहज वळते आणि गंजत नाही.

आणि जुने ड्रम उघडताना आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नकोस. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. पाण्याने भिजव, ओल्या फडक्याने पूस, फडकं पिशवीत बांधून टाक. या बाबतीत माझं ऐकच.

आता चासी. खरं तर ब्रेकची ऑर्डर द्यायच्याही आधी हे काम कर. ही गाडी मिशिगनमध्येच फिरली असेल तर मीठ तिने खाल्लेलंच आहे. डेट्रॉइटच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ सढळ हाताने पडतं. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचे मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचे चासीचे बीम आतून पोकळ झालेले मी पाहिले आहेत. तिथे चिखल आणि मीठ साचून राहतं. एक जाड स्क्रूड्रायव्हर घे आणि दर काही इंचांवर जोरात टोच. ठण्ण आवाज आला तर लोखंड शाबूत. बोथट आवाज आला किंवा टोक आत गेलं, तर तिथे थांब आणि फोटो काढ. बॉडी चासीवर जिथे टेकते ते माउंट, डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा, मागच्या काचेचे खालचे कोपरे, सगळं असंच तपास. दाराखाली आणि मागच्या चाकाच्या कमानीवर लोहचुंबक फिरव. चिकटला नाही तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालचा पत्रा तू घरी बदलू शकतोस, तयार मिळतो, वेल्डिंग शिकायलाही ते काम चांगलं. चासीचा बीम मात्र घरी शिकता शिकता करायचा नाही. तो जाणत्या वेल्डरकडे द्यायचा.

गाडी अस्सल जीटीओ आहे का, असं तू विचारलं होतंस. डाव्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर २४२ने सुरू होत असेल तर ती जीटीओ म्हणूनच बनली. २३७ असेल तर लमान्स. मला त्याने काही फरक पडत नाही, विकणाऱ्याने लावलेल्या किमतीला पडतो.

आता आजीचा प्रश्न. मूळचा स्टिअरिंग बॉक्स सैल वाटतोच, पण निम्मा दोष टायरचा आणि अलाइनमेंटचा असतो. मूळ मॅन्युअलमधले कॅस्टरचे, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात त्याच्या कलाचे, आकडे तेव्हाच्या जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरांसाठीचे आहेत. आजचे रेडियल टायर लावून तेच आकडे ठेवलेस तर गाडी सरळ धावणार नाही, हात सतत चाळवत राहावे लागतील. दुकानदाराला स्पष्ट सांग की रेडियलसाठी पॉझिटिव्ह कॅस्टर हवा. आत्ता गाडीला असलेल्या टायरांची नक्षी छान दिसते, पण बाजूवरच्या तारखेचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पडून जुने झालेले टायर वेगात फुटतात.

इंजिनाबद्दल तू मला न विचारता सगळं वाचून काढशील, म्हणून मोजकंच लिहिते. पाँटियाकच्या या इंजिनात टायमिंग चेनच्या वरच्या चक्राचे दात नायलॉनचे होते. इतक्या वर्षांत ते ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे ऑइल पॅनमध्ये पडतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबवतात. तेव्हा इंजिन चालू होतं म्हणून खूश होऊ नकोस, आधी पॅन उतरव आणि आत बघ. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.७५ आहे. पंपावर मिळणाऱ्या ९३ ऑक्टेनवर, लोखंडी हेड (सिलिंडरवरचं झाकण) असताना, उन्हाळ्याच्या गर्दीत इंजिन ठोकायला लागेल, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून आतून ठकठक आवाज येईल. हेड उतरवशीलच, तर मोठ्या चेंबरची हेड बसवून कॉम्प्रेशन नऊ-साडेनऊपर्यंत खाली आण. थोडी ताकद जाईल, ती रोजच्या रस्त्यावर तुला जाणवणारही नाही. तेव्हाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण पोलादाच्या करून घे. शिशाच्या पेट्रोलवर मूळच्या सीट टिकायच्या. अमेरिकेत शिसं १९९६पासून रस्त्यावरच्या पेट्रोलमधून पूर्ण गेलं. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुने रबरी पाइप खातं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पाइप नवे, इथेनॉलला टिकणारे. मूळ हेड आणि बदललेला प्रत्येक नट-बोल्ट खोक्यात घालून नाव लिहून ठेव.

मोठ्या कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) विचार सोड. उभ्या गाडीचा तो डुगडुग आवाज तुला आवडतो, मला माहीत आहे. पण मोठा कॅम म्हणजे इंजिनचा व्हॅक्यूम कमी, आणि पेडलला जोर देणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला तोच व्हॅक्यूम लागतो. सिग्नलला पेडल दगडासारखं कडक लागेल.

कूलिंगबद्दल मात्र मी हट्ट धरणार आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही साताऱ्याला जायचो, तेव्हा खंबाटकी घाटात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाफ जिरायची वाट बघत उभ्या असलेल्या गाड्या ओळीने दिसायच्या. तुझ्या आजोबांची फिएटही त्यांत असायची. घाट चढून संपतो तरी. तुझी गर्दी रोजची आहे. पाँटियाकमध्ये वॉटर पंपाच्या मागे एक पातळ पत्र्याची प्लेट असते. पंपाचा पंखा आणि ती प्लेट यांतलं अंतर जास्त राहिलं तर पंप पाणी नीट ढकलतच नाही. लोक मोठा रेडिएटर घालतात, पंखे लावतात, आणि गाडी तरी तापते. नवा पंप बसवताना प्लेट गंजलेली नाही ना ते बघ आणि ती जरा वाकवून अंतर कमी कर, पंखा मात्र घासता कामा नये. पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे आवरण, काढून टाकलेलं असेल तर ते शोधून परत लाव.

गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक आहे. मागचा अ‍ॅक्सल ३.५५ गुणोत्तराचा असेल, तर सत्तर मैलांना इंजिन मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे घेईल. पुढे पैसे साठले की २००-४आर हा ओव्हरड्राइव्हवाला (महामार्गावर इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा) गिअरबॉक्स बसव. तो पाँटियाकच्या इंजिनाला थेट जुळतो आणि फेरे एकवीसशेच्या आसपास येतात. यात घाई नाही.

खांद्यावरून येणारा पट्टा या गाडीत नाही, फक्त कमरेचा आहे. पुढच्या सीटला खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला तो १ जानेवारी १९६८पासून. तीन टोकांचे पट्टे बसव, आणि जिथे बोल्ट जातो तिथे मागून जाड पत्र्याची पट्टी लावून घे. ते झाल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर न्यायची नाही. वायरिंगचा पूर्ण नवा संच टाक, हेडलाइटला रिले लाव.

कागदपत्रांचं एक. मिशिगनची जुन्या गाड्यांसाठीची हिस्टॉरिक नंबरप्लेट स्वस्त पडते, पण ती मेळावे, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम यांसाठी आहे. रोजच्या येण्याजाण्याला फक्त ऑगस्टमध्ये मुभा. तुला साधी प्लेटच घ्यावी लागेल. विम्याच्या लोकांनाही खरं सांग की गाडी रोज ऑफिसला जाणार. आणि डिसेंबर ते मार्च ती बाहेर काढू नकोस. रस्त्यावर मीठ असेपर्यंत तुझी होंडाच ने. चासीच्या पोकळीत मेण फवारलंस तरी माझं हेच म्हणणं राहील.

गॅरेजमध्ये काम करताना गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, कितीही छोटं काम असलं तरी. आधी चारही स्टँड, मग हाताने गाडी हलवून बघ, मग खाली जा. पुढची कॉइल स्प्रिंग काढताना तिला साखळीने चासीला बांध. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात राहत नाही. इंजिन चालू करशील तेव्हा गॅरेजचं दार पूर्ण वर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला. बाबा घरात असतानाच काम कर. त्यांना गाडीतलं फारसं कळत नाही, पण हाक मारली की ते येतील.

आजीची तब्येत आता बरी आहे, चालायला लागली आहे. मी एप्रिलअखेर येईन. ब्रेकमधली हवा काढायला पेडलवर एक माणूस लागतो, ते काम माझ्यासाठी ठेव.

मागच्या अ‍ॅक्सलवरच्या चासीचे, दोन्ही बाजूंचे, टॉर्च लावून काढलेले फोटो आधी पाठव. ते मी बघेपर्यंत कशाचीही ऑर्डर देऊ नकोस.

तुझी,
आई