प्रत्येक साईजला एकच कोड: तुमच्या कस्टम कोडबद्दल शेवटची लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

नागपूर, २४ जून

विषय: ऑर्डरच्या लेबलवर व्हेरिएशनच्या (म्हणजे त्या-त्या साईजच्या) एसकेयूऐवजी (एसकेयू म्हणजे मालाचा कोड) मूळ प्रॉडक्टचा एसकेयू छापला जाणे. ११ मेपासून दुरुस्ती नाही.

महोदय,

काल दुपारी तुमच्या सपोर्टचा फोन ठेवला आणि ठरवलं, यापुढे फोन करायचा नाही. जे काही सांगायचं ते लेखी सांगायचं. दीड महिन्यात आठ फोन झाले आणि पाच तिकिटं, म्हणजे तुमच्याकडच्या तक्रारीच्या नोंदी, झाली. पाचही तुम्ही बंद केलीत आणि बिघाड जसाच्या तसा आहे.

आमचं इतवारीत शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली नऊ वर्षं मी चालवते. वूकॉमर्स या दुकानाच्या सॉफ्टवेअरवरचं ऑनलाइन दुकान तुम्हीच बांधून दिलंत. मार्चमध्ये ३८,००० रुपये घेऊन त्यात कस्टम कोड, म्हणजे आमच्यासाठी खास लिहिलेला प्रोग्राम, टाकलात. काम एकच होतं: ऑर्डर आली की लेबलवर त्या साईजचा नेमका कोड छापायचा. आमच्या मांडणीत ५१ म्हणजे पांढरा हाफ शर्ट, पुढचे दोन आकडे साईजचे. ५१२८ म्हणजे हाफ शर्ट, अठ्ठावीस. फुल बाहीचा असेल तर ५२२८. गोदामातल्या खणांवर हेच आकडे रंगवलेले आहेत. कामावरचा मुलगा लेबल वाचतो, त्या खणातून पाकीट काढतो, चिकटवतो. कोडमध्येच साईज आहे म्हणून साईजचा वेगळा रकाना लेबलवरून काढायला तुम्हीच सांगितलंत. लेबल लहान आहे, मजकूर मावत नाही, म्हणालात. मी मानलं.

मार्च-एप्रिल सुरळीत गेले. ११ मेला तुम्ही साईटचा स्पीड वाढवण्यासाठी अपडेट केलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक शर्टाच्या लेबलवर ५१०० येतं. बावीस साईज मागवा, छत्तीस मागवा, हाफ मागवा, फुल मागवा, ५१००. हा मूळ प्रॉडक्टचा कोड आहे. गोदामात ५१०० नावाचा खणच नाही.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. आमचं वर्षाचं निम्म्याहून जास्त उत्पन्न मे आणि जून या दोन महिन्यांत येतं. याच दोन महिन्यांत कामावरची दोन मुलं संगणकावर एकेक ऑर्डर उघडून, साईज बघून, बॉलपेनने लेबलवर लिहीत बसली. दिवसाला पन्नास-साठ ऑर्डरी, एका ऑर्डरीत चार-पाच नग, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि गोदामात एक कूलर. थर्मल कागदावर बॉलपेन नीट उठत नाही, आणि घाईत लिहिलेला २ आणि ३ सारखाच दिसतो. सतरा पार्सलं चुकीच्या साईजची गेली. जाण्यायेण्याचा कुरिअरचा खर्च मी भरला.

मागच्या गुरुवारी काटोलहून एक बाई एसटीने दुकानात आल्या. बरोबर पहिलीतला मुलगा. बावीसऐवजी बत्तीसचा शर्ट गेला होता आणि त्यांनी तो मुलाला घालूनच आणलं होतं. शर्ट गुडघ्याच्या खाली आणि बाह्या मनगटापर्यंत, हाफ शर्टाच्या. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, सोमवारी शाळा उघडून राहिली, आता मी काय करू सांगा?" मी बदलून दिला, एसटीच्या तिकिटाचे पैसे दिले. पण तो मुलगा खाली बघत काउंटरला टेकून उभा होता ते मला अजून दिसतं.

आता कालचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं तुमची टेप दर वेळी सांगते, तेव्हा काढून ऐका. २३ जून, दुपारी पावणेदोन, एकूण सव्वीस मिनिटं. त्यातली अकरा मिनिटं संगीत.

तुमच्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, जो आधीच्या सातही फोनवर विचारला गेला: "मॅडम, व्हेरिएशनचे कोड भरलेत का?" मी सांगितलं, चोवीसच्या चोवीस भरलेत, स्क्रीनशॉट तिकिटात आहेत. ते म्हणाले, "व्हेरिएशनचा कोड रिकामा असला की सिस्टीम आपोआप मूळ प्रॉडक्टचा कोड दाखवते." मी म्हटलं, हे मला माहीत आहे, पण इथे एकही रिकामा नाही, स्क्रीनशॉट उघडा. थोडा वेळ टायपिंगचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मॅडम, हे टेक्निकल आहे, तुम्हाला फोनवर समजणार नाही. दुकानात सर आहेत का? सरांना फोन द्या."

मी म्हटलं, दुकान माझं आहे. जीएसटी नोंदणी माझ्या नावावर आहे, तुमचं बिल माझ्या नावावर निघतं, पैसे माझ्या खात्यातून जातात. त्यावर उत्तर आलं, "हो मॅडम, पण हे सगळं जे बघतात त्या सरांना द्या ना."

काउंटरवर तेव्हा तीन गिऱ्हाइकं उभी होती. फोन स्पीकरवर होता, कारण माझे दोन्ही हात पाकिटं बांधण्यात होते. कामावरच्या दोन्ही मुलांनी ते ऐकलं. मी आवाज चढवला नाही. ऑर्डरच्या ओळीतला व्हेरिएशन आयडी, म्हणजे साईजचा क्रमांक, तुमचा प्रोग्राम वाचतच नाही, हे मी शांतपणे परत सांगितलं. पलीकडे शांतता. आणि मग हे: "मॅडम, एवढ्या साईज ठेवता कशाला? स्मॉल, मीडियम, लार्ज ठेवा, प्रॉब्लेमच राहणार नाही."

शाळेच्या गणवेशात स्मॉल, मीडियम, लार्ज नसतं. वीसपासून बेचाळीसपर्यंत दोन-दोनने बारा साईज असतात, कारण पहिलीतलं मूल आणि दहावीतला मुलगा एका मापाचे नसतात. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेसेज आला की ग्राहकाचे समाधान झाले असून तिकीट बंद करण्यात येत आहे. माझं समाधान झालं हे कोणी ठरवलं? मला तर कोणी विचारलंही नाही. विचारायला सर हवे होते.

जे मला समजणार नाही असं सांगण्यात आलं, ते आता इथे लिहिते. इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्याने तुमची फाईल उघडून दाखवली, मी त्याच्या शेजारी बसून एकेक ओळ समजून घेतली. वूकॉमर्समध्ये ऑर्डरच्या प्रत्येक नगासोबत दोन क्रमांक असतात. एक प्रॉडक्ट आयडी, म्हणजे मूळ शर्टाचा. दुसरा व्हेरिएशन आयडी, म्हणजे त्या साईजचा. आमच्या एका ऑर्डरीत ते ४१२ आणि ४३१ आहेत. ११ मेनंतरचा तुमचा कोड ‘गेट प्रॉडक्ट आयडी’ ही आज्ञा वापरून ४१२ उचलतो, त्याचं प्रॉडक्ट काढतो आणि त्याला ‘गेट एसकेयू’ विचारतो. ४१२ चा एसकेयू ५१०० च येणार. ४३१ ला विचारलं असतं तर ५१२८ आला असता. खरं तर ऑर्डरच्या त्या ओळीलाच ‘गेट प्रॉडक्ट’ विचारलं की साईजचं प्रॉडक्ट थेट हाती येतं, साधं प्रॉडक्ट असेल तर साधं येतं. मार्चच्या तुमच्याच कोडमध्ये तसंच लिहिलेलं होतं. जुनी फाईल आमच्याकडे आहे. चालणारी ओळ तुम्ही काढली आणि न चालणारी घातली.

यात वूकॉमर्सचा दोष नाही, आमच्या भरलेल्या माहितीचाही नाही. कोड भरलेत का, हा प्रश्न परत विचारू नका. भरलेत.

फाईल उघडलीच आहे तर आणखी दोन गोष्टी.

हाउसच्या टी-शर्टला चार रंग आणि बारा साईज, म्हणजे अठ्ठेचाळीस व्हेरिएशन. त्या पानावर साईज निवडली तरी कोड दिसत नाही, जागा कोरी. कारण तुमचं जावास्क्रिप्ट, म्हणजे पानावर चालणारा प्रोग्राम, पानात आधीच भरलेल्या व्हेरिएशनच्या यादीतून कोड शोधतं, आणि व्हेरिएशन तीसच्या वर गेली की वूकॉमर्स ती यादी पानात देतच नाही. ग्राहक निवड करेल तसं ते व्हेरिएशन सर्व्हरकडून मागवलं जातं. हाफ-फुल मिळून चोवीस व्हेरिएशनच्या शर्टावर तपासलंत, चाललं, आणि टी-शर्टाचं पान एकदाही उघडून बघितलं नाही. व्हेरिएशन सापडल्याची खूण वूकॉमर्स स्वतः देतं, त्यातच एसकेयू असतो. ती खूण ऐकायची होती.

दुसरं जास्त नुकसानीचं. शिवणाऱ्यांना कोणती साईज किती द्यायची, त्यासाठी तुम्ही कोडांची यादी काढणारं बटण दिलंत. ते ‘गेट अव्हेलेबल व्हेरिएशन्स’ वापरतं. आमच्या सेटिंगमध्ये संपलेला माल लपवण्यावर टिक आहे, आणि ती टिक असली की संपलेल्या साईज त्या यादीतून गळतात. म्हणजे मला शिवून घ्यायची असते ती साईज संपलेली, आणि यादीत नेमकी तीच नाही. १० जूनला अठ्ठावीस आणि तीस दोन्ही संपल्या. यादीत नव्हत्या म्हणून शिवायला गेल्याच नाहीत. आठ दिवस मी लोकांना परत पाठवत होते. ‘गेट चिल्ड्रेन’ने सगळ्या व्हेरिएशनचे आयडी मिळतात, संपलेल्यांचेही. तुम्हाला हे माहीत असायला हवं, तुमचा तो व्यवसाय आहे.

मला सर्वात जास्त वाईट याचं वाटतं की मी तुमचं नाव चार दुकानदारांना सुचवलं होतं. गांधीबागेतल्या दोघांनी माझ्या शब्दावर तुमच्याकडून साईट बनवून घेतली. आता ते मला विचारतात.

माझी मागणी अशी. ३० जूनपर्यंत तिन्ही बिघाड दुरुस्त करून हवेत, आणि दुरुस्ती झाली हे दाखवायला आमच्या खऱ्या ऑर्डरीवर छापलेलं लेबल हवं, नुसता मेसेज नको. सतरा पार्सलांच्या कुरिअरचे ४,७६० रुपये परत हवेत, पावत्या जोडल्या आहेत. या वर्षीच्या देखभालीचे १२,००० रुपये परत हवेत, कारण देखभाल झालेली नाही. कस्टम कोडची संपूर्ण प्रत आणि साईटचा बॅकअप माझ्या ताब्यात हवा. आणि कालच्या फोनबद्दल लेखी माफी हवी, माझ्या नावाने, ‘सर’ असं न लिहिता.

३० तारखेपर्यंत काही झालं नाही तर १ जुलैला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ‘तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही’ असं उत्तर पाठवू नका. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेला माल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार व्यापारी हेतूचा धरत नाहीत, आणि तुमची सेवाही मी त्याच कारणासाठी घेतली. हे दुकान म्हणजे माझं पोट आहे. आणि फोनवर मला परत सरांना बोलवायला सांगितलं तर तेही तक्रारीत जाईल.

पत्रासोबत आज सकाळी छापलेली तीन लेबलं जोडली आहेत. एक बावीसच्या हाफ शर्टाचं, एक अठ्ठावीसच्या, एक छत्तीसच्या फुल शर्टाचं. तिन्हींवर ५१०० आहे.

तुमची ग्राहक,
इतवारी, नागपूर