टार्नीटच्या नकाशावरची चार वर्तुळं : व्हिक्टोरियाच्या नियोजन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नियोजन मंत्री,
व्हिक्टोरिया राज्य, मेलबर्न

विषय : टार्नीटमधली घरविक्री आणि घर विकताना दाखवल्या जाणाऱ्या सोयी

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते आमच्या आसपासच्या मराठी घरांसाठी, आणि पुण्या-नाशिकहून नुकत्याच आलेल्या, शनिवार-रविवारी प्लॉट बघत फिरणाऱ्या जोडप्यांसाठी. त्यांनी सही करण्याआधी हे वाचावं, एवढीच इच्छा.

२०१६ च्या मे महिन्यात आम्हीही अशाच एका सेल्स ऑफिसात बसलो होतो. बाहेर वाऱ्याने फडफडणारे झेंडे, आत काचेखाली आमच्या भावी वस्तीचं मॉडेल, त्यात बोटभर उंचीची हिरवी झाडं. माझे सासरे तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. कागद हातात आला की ते चष्मा पुसतात आणि आधी रस्ता कुठून येतो ते बघतात. त्यांनी ब्रोशरमधल्या नकाशावर पेनाने चार वर्तुळं काढली : प्राथमिक शाळा, बाजारपेठ, आरोग्य केंद्र, रेल्वे स्टेशन. चारही ठिकाणी बारीक अक्षरात ‘नियोजित’ लिहिलेलं होतं. त्यांनी मला विचारायला सांगितलं, हे कधी होणार? विक्री करणारी मुलगी म्हणाली, साधारण पाच वर्षांत. सासऱ्यांनी पुन्हा विचारायला लावलं, हे लेखी मिळेल का? ती म्हणाली, प्लॅन सरकारनेच मंजूर केलेला आहे, काळजी कशाला करता.

सरकारनेच मंजूर केलेला आहे, या एका वाक्यावर आम्ही सही केली. म्हणून हे पत्र बिल्डरला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

टार्नीट मेलबर्नच्या मध्यभागापासून साधारण २५ किलोमीटर पश्चिमेला, विंडम नगरपालिकेच्या हद्दीत येतं. जमीन सपाट, वारा बोचरा, पाऊस शहराच्या पूर्वेपेक्षा कमी. खाली काळा कातळ. ज्वालामुखीच्या लाव्हाचं पठार आहे हे, आपल्या सह्याद्रीसारखाच बसाल्ट. कढीपत्त्याचं रोप लावायला पहार घ्यावी लागली तेव्हा माझ्या नवऱ्याला गाव आठवलं. २०२१ च्या जनगणनेत टार्नीटची लोकसंख्या ५६,३७० भरली, आणि त्याआधीच्या पाच वर्षांत ती वीस हजारांहून जास्त वाढली होती. ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेल्यांत सर्वात जास्त लोक भारतात जन्मलेले, आणि इंग्रजी सोडली तर घरात सर्वात जास्त बोलली जाणारी भाषा पंजाबी. आमच्या गल्लीत उजवीकडे लुधियानाचे, डावीकडे नेपाळचे, समोर फिलिपिन्सच्या नर्सबाई आणि कोपऱ्यावर सोमालियातून आलेलं मोठं कुटुंब. आमच्या वास्तुशांतीला सगळे जेवायला होते. पुरणपोळीवर तूप की दूध, हा वाद त्या दिवशी चार भाषांत झाला.

हे सगळे इथेच का आले, याबद्दल बरंच बोललं जातं. ३१ ऑगस्ट २०२५ ला देशभर स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकाने मला अगदी साधेपणाने विचारलं, तुम्ही लोक एकाच सबर्बमध्ये का गर्दी करता? मी त्याला जे सांगितलं तेच आपल्यालाही सांगते. आम्ही एकमेकांना शोधत इथे आलो नाही. हिशोब करत आलो आणि इथे एकमेकांना भेटलो.

तो हिशोब आपल्या सरकारच्या नियमांचा आहे. पहिलं घर घेणाऱ्याला सहा लाख डॉलरपर्यंत स्टॅम्प ड्युटी माफ, साडेसात लाखांपर्यंत सवलत. दहा हजार डॉलरचं अनुदान मिळतं तेही फक्त नव्या घराला, साडेसात लाखांच्या आतल्या. प्लॉट घेऊन वर घर बांधलं तर ड्युटी लागते ती फक्त जमिनीवर. आता मेलबर्नचा नकाशा समोर घ्या आणि चार माणसांना पुरेल असं नवं घर या आकड्यांत कुठे बसतं ते बघा. टार्नीट, ट्रुगनायना, विंडम वेल, मेल्टन, उत्तरेला क्रेगीबर्नच्या पलीकडे, आग्नेयेला क्लाइड. फार कुठे नाही. टार्नीटमध्ये साधं चार बेडरूमचं घर आज साडेसहा-सात लाखांच्या घरात जातं, म्हणजे बरोबर आपल्या सवलतीच्या चौकटीत.

ज्यांना अजून नागरिकत्व किंवा पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळालेलं नाही, त्यांची वाट तर आणखी अरुंद आहे. १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत त्यांना जुनं, कुणी राहिलेलं घर विकत घेताच येत नाही. हा नियम केंद्राचा आहे, आपला नाही, हे मला माहीत आहे. पण नवीनच घ्या असं सांगितल्यावर माणूस नव्या वस्तीतच जाणार ना? वर व्हिक्टोरिया राज्य त्यांच्याकडून आठ टक्के जादा ड्युटी घेतं. माझ्या मावसबहिणीचा मुलगा इथे इंजिनिअर आहे, नोकरीच्या व्हिसावर. त्याने हे आकडे वहीत मांडून मला दाखवले आणि म्हणाला, “मावशी, मला शहराजवळच्या फुट्सक्रेमधलं जुनं युनिट हवं होतं. कामावर सायकलने गेलो असतो.”

माणसांना कुठे जायचं ते नियम सांगतात. मग ती तिथे गेली की त्यांच्याच रंगावरून बोट दाखवलं जातं. मला याचं वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

आता गाडीबद्दल. टार्नीट स्टेशन २१ जून २०१५ ला सुरू झालं, रीजनल रेल लिंकबरोबर. आम्हाला ते मोठं भाग्य वाटलं होतं. पण ती शहरी मेट्रो नव्हे. ती जिलाँग शहराहून येणारी, व्ही-लाइन या राज्याच्या लांब पल्ल्याच्या रेल्वेची डिझेल गाडी आहे. जिलाँग, लारा, मग विंडम वेल, आणि आमच्याकडे पोचेपर्यंत डबे भरलेले. मी सकाळी ६:५० ला स्टेशनवर असते. सात वाजून गेले की पार्किंगमध्ये जागा मिळत नाही, लोक गवताच्या पट्ट्यावर गाड्या चढवतात आणि संध्याकाळी दंडाची चिठ्ठी काढून घरी जातात. स्टेशनपर्यंत बसने यावं तर लीक्स रोडच्या आणि डेरिमट रोडच्या रांगेत बसही आमच्यासारखीच उभी. मेलबर्नच्या मध्यातल्या सदर्न क्रॉस स्टेशनपर्यंत मी रोज उभ्याने जाते. गरोदर होते तेव्हा एक पंजाबी आजी मला हाताला धरून बसवायच्या. त्यांना रोज जागा मिळायची, कारण त्या विंडम वेलला उलट्या दिशेने जाऊन तिथे चढायच्या. सत्तरीतल्या बाईला बसायला मिळावं म्हणून आधी मागे जावं लागतं.

आम्ही राहायला आलो २०१८ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वेस्टर्न रेल प्लॅन जाहीर केला : मेल्टन आणि विंडम वेलपर्यंत विजेवरची मेट्रो. ती बातमी मी सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवली होती. मुलगा त्यानंतर झाला, शाळेत जाऊ लागला, त्याचे दुधाचे दात पडले. गाडी अजून डिझेलचीच आहे. शनिवार-रविवारी वीस मिनिटांनी गाडी सुरू केली ते बरं झालं, त्याबद्दल मनापासून आभार. टार्नीट वेस्ट स्टेशनचं काम हाती घेतलं, त्याबद्दलही. सासऱ्यांचं चौथं वर्तुळ तेच होतं. मात्र ट्रुगनायनात इतकी घरं उभी राहूनही तिथे स्टेशन नाही, आणि तिकडचे प्लॉट आजही नकाशावरच्या स्टेशनच्या चिन्हासकट विकले जातात.

बाकीच्या वर्तुळांचं थोडक्यात सांगते. शाळा आली, सहा वर्षांनी, आणि येता येताच भरली. माझ्या मुलाचा वर्ग मैदानावर आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोलीत भरतो, त्यामुळे मैदान तेवढं कमी झालं. शिक्षिका फार चांगल्या आहेत. बाजारपेठेच्या जागेवर अजून कुंपण आणि त्याच्या आत कमरेइतकं गवत. आरोग्य केंद्राच्या जागेवर काहीच नाही. मुलाला रात्री ताप चढला की आम्ही वेरिबीच्या हॉस्पिटलकडे गाडी काढतो.

या काळात आमचा हप्ता कुठून कुठे गेला ते आपण जाणताच. मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने तेरा वेळा दर वाढवला, ०.१० टक्क्यावरून ४.३५ पर्यंत. नवऱ्याने लॅव्हर्टन नॉर्थच्या गोदामात रात्रपाळी धरली. मी दुपारी मुलाला शाळेतून आणायला मिळावं म्हणून चार दिवसांचं काम करत होते, ते पाच दिवसांचं केलं. आठवड्यातले तीन दिवस आम्ही नवरा-बायको एकमेकांना फक्त दारात भेटायचो, मुलगा या हातातून त्या हातात देताना. या सबर्बमध्ये अशी घरं किती असतील! जास्त करून तरुण, लहान मुलं असलेली, दोघंही कमावणारी. अशा घरांना गाडी, पाळणाघर आणि दवाखाना जवळ नसला तर रोजच्या दिवसातले दोन-तीन तास जातात, आणि ते तास कुठल्याच घरकिमतीत धरलेले नसतात.

पैसा नाही, असं आम्हाला अनेकदा ऐकवलं जातं. मग एक विचारते. २०१० पासून मेलबर्नच्या वाढत्या भागातल्या जमिनीवर राज्य सरकार एक कर घेतं, ‘ग्रोथ एरियाज इन्फ्रास्ट्रक्चर काँट्रिब्यूशन’, थोडक्यात गैक म्हणतात त्याला. विंडम, मेल्टन, ह्यूम, व्हिटलसी, मिचेल, केसी, कार्डिनिया, या सात नगरपालिकांतल्या जमिनीवर. बिल्डर तो भरतो आणि प्लॉटच्या किमतीत लावतो, म्हणजे भरतो आम्हीच. कायद्याने त्यातला अर्धा पैसा सार्वजनिक वाहतुकीसाठी आणि अर्धा नव्या वस्त्यांच्या सोयींसाठी आहे. विंडमच्या जमिनीतून आजवर किती जमा झाला आणि विंडममध्ये किती खर्च झाला, हे दोन आकडे मला हवेत. अहवालाच्या परिशिष्टात नकोत. नगरपालिकेच्या नावापुढे, दरवर्षी, साध्या तक्त्यात हवेत. घराचा जमाखर्च आम्ही लिहितो तसा.

आता माझी मुख्य मागणी. २०५१ पर्यंत राज्यात २२ लाख ४० हजार नवी घरं बांधायचं उद्दिष्ट आपण ठेवलं आहे. बरीचशी जुन्या सबर्बमध्ये व्हावीत असंही धोरण आहे, आणि ते योग्यच आहे. पण कडेच्या जमिनी खुल्या होतच राहणार. तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्लॉटबरोबर जमीन विक्री कायद्याच्या सेक्शन ३२ चं विक्रेत्याचं निवेदन असतं. वीज, गॅस, पाणी, सांडपाणी, टेलिफोन, यातलं काय जोडलेलं नाही ते त्यात लिहावंच लागतं. न लिहिलं तर विक्रेता अडचणीत येतो. म्हणूनच ते कागद आम्ही वकिलाकडून नीट वाचून घेतो.

त्याच पानावर आणखी एक रकाना द्या. मंजूर आराखड्यात या वस्तीसाठी दाखवलेलं स्टेशन, शाळा, आरोग्य केंद्र, बसमार्ग, मुख्य रस्त्याचं रुंदीकरण : यापैकी कशाला अर्थसंकल्पात पैसे मंजूर झाले आहेत, कशाला नाहीत. मंजूर असेल तर वर्ष. नसेल तर स्पष्ट शब्दांत ‘निधी नाही’. आणि ज्याला निधी नाही त्याचं चित्र जाहिरातीत छापायला बंदी. यासाठी एक डॉलरचंही बांधकाम लागत नाही. माहिती सगळी सरकारकडेच आहे.

असा रकाना आमच्या कागदात असता तर आम्ही टार्नीटमध्ये घर घेतलं असतं का? बहुतेक घेतलं असतं. हिशोब तोच होता. पण स्टेशनच्या जवळचा, लहान प्लॉट घेतला असता, दुसऱ्या गाडीचं कर्ज काढलं नसतं, आणि सासूबाईंना ‘तुम्ही या, सगळं चालत अंतरावर आहे’ असं सांगितलं नसतं. त्या आल्या तेव्हा तीन महिने घरातच होत्या. रस्त्याच्या कडेला पायवाट आमच्या वस्तीच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढे खडी आणि ट्रक. रोज संध्याकाळी त्या नातवाला घेऊन पायवाट संपते तिथपर्यंत जायच्या आणि परत यायच्या.

सोबत २०१६ च्या ब्रोशरमधल्या नकाशाची रंगीत प्रत जोडली आहे. निळ्या शाईची चार वर्तुळं सासऱ्यांची आहेत. शाळेच्या वर्तुळाशेजारी मी २०२२ लिहिलं आहे. बाकी तीन वर्तुळांशेजारी जागा मोकळी ठेवली आहे. तिथे आपल्या खात्याने वर्ष लिहून, सहीनिशी, नकाशा परत पाठवावा ही विनंती. मी तो स्कॅन करून साताऱ्याला पाठवीन. ते अजून दर रविवारी फोनवर विचारतात.

आपली,
टार्नीटची एक रहिवासी