बाबांचे थेंब आणि पोटातले जंतू

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, तेव्हा ते विचारू नका.

आई, पोटातल्या जंतूंनी काचबिंदू होतो, मग बाबांना अँटिबायोटिक का देत नाहीत, असं तू विचारलंस आणि मी 'बघते' म्हणून फोन ठेवला. तुला राग आला. पण मी खरंच बघितलं.

ते अगदीच हवेतलं नाही. २००१ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांना काचबिंदूच्या बऱ्याच रुग्णांच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला, अल्सर करतो तोच. पुढे कुणाला हा संबंध दिसला, कुणाला नाही. हा जंतू मुळात एवढ्या लोकांच्या पोटात असतो, की दोन्ही एकाच माणसात सापडले म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही. २०१८ मध्ये उंदरांचं आलं. डोळ्याचा दाब वाढवल्यावर जंतूंशी लढणाऱ्या शरीराच्याच टी पेशी डोळ्यावर उलटल्या. जन्मापासून जंतूंविना वाढवलेल्या उंदरांत तसं झालं नाही. जंतूंची प्रथिनं ओळखायला शिकलेल्या पेशी डोळ्यातल्या तसल्याच प्रथिनाला फसतात म्हणे. पण बाबा उंदीर नाहीत.

इथल्या डॉक्टरांची एक खोड सांगते. 'ठाऊक नाही' असं तोंडावर सांगतात! मी विचारलं तर बाईंनी कागद ओढला, डोळ्याची नस काढली, मध्ये रेघ मारली. अलीकडे ठाऊक असलेलं, पलीकडे नसलेलं. पलीकडेच जास्त होतं. आणि एक गोळी न लिहिता हसून उठल्या. मला वाटलं, हिला येत नाही. दोन दिवसांनी वाटलं, बरं झालं.

तेव्हा पोटाचा त्रास असेल तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्यासाठी अँटिबायोटिक नको. बाबा, रात्रीचा थेंब चुकवू नका, गेलेली नजर परत येत नाही. डोळा लाल झाला म्हणून मनाने स्टिरॉइडचे थेंबही घालू नका, त्यांनी दाब वाढतो.

मी त्या बाईंकडे का गेले होते? सहजच. वडिलांना असलं की मुलांनी तपासून घ्यायचं असतं. दाब २३ निघाला, २१ पर्यंत ठीक धरतात. नस चांगली आहे. सहा महिन्यांनी बोलावलंय, एवढंच. दादालाही पाठवा.

थेंबांचे पैसे टाकलेत. तिकिटाच्या पैशांतून टाकले, त्यामुळे यंदा येणं होत नाही. बाबा, थेंब घालताना आईला हाक मारत जा, एकट्याने गालावर सांडता.

स्थळाकडे हो कळवायला हरकत नाही. पण आई, डोळ्याचं आधी सांग. तुझ्यापासून मी दोन महिने लपवलं, तसं तू त्यांच्यापासून लपवू नकोस.

तुमची,
धाकटी