दोष भावंडांच्या रक्तात नसतो

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावातील एका हौशी चित्रपट मंडळाने अलीकडे रॉय बोल्टिंग दिग्दर्शित ‘ट्विस्टेड नर्व्ह’ हा १९६८ सालचा ब्रिटिश चित्रपट दाखवला. जुने परदेशी चित्रपट एकत्र बसून पाहण्याची सोय सीमाभागात फारशी नसल्यामुळे अशा उपक्रमाचे मी मनापासून स्वागत करते. मात्र चित्रपट संपल्यावर बाहेर पडताना जे बोलणे कानावर आले, त्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. “ज्या घरात तसले मूल असते, त्या घरातल्या बाकीच्यांचाही भरवसा नाही,” असे एक सुशिक्षित गृहस्थ आपल्या सोबत्याला सांगत होते. खानापूर तालुक्यात विशेष मुलांना शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. असे बोलणे मला नवे नाही. पण त्याला चित्रपटाचा दाखला जोडलेला मी प्रथमच ऐकला.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्टिन हा सुखवस्तू घरातला, देखणा, गोड बोलणारा तरुण. त्याचा डाऊन सिंड्रोम (जन्मतःच असणारी, बौद्धिक वाढ मंद करणारी अवस्था) असलेला भाऊ पीट एका संस्थेत राहतो. त्या गृहस्थांचे ‘तसले मूल’ म्हणजे असेच मूल. दुकानातून खेळण्यातले बदक उचलताना पकडला जाताच मार्टिन आपण मतिमंद असल्याचे सोंग घेतो आणि सुसान नावाची एक दयाळू मुलगी त्याचे पैसे भरून त्याला सोडवते. तेच सोंग चालू ठेवून, ‘जॉर्जी’ या नावाने, तो तिच्या आईच्या घरात शिरतो. पुढे मार्टिनच्या हातून त्याच्या सावत्र वडिलांचा कात्रीने खून होतो आणि ज्या बाईने त्याला पोटच्या पोरासारखा आसरा दिला तिचाही जीव जातो.

कला म्हणून हा चित्रपट कमी प्रतीचा नाही. हायवेल बेनेट या नटाचे निरागस डोळे एका क्षणात बदलतात तेव्हा अंगावर काटा येतो. सुसानच्या आईचे काम करणाऱ्या बिली व्हाइटलॉ यांना त्या वर्षी सहाय्यक अभिनेत्रीचा ब्रिटिश अकादमी पुरस्कार मिळाला, त्यात या भूमिकेचाही वाटा होता. बर्नार्ड हरमन यांनी रचलेली शिट्टीची धून २००३ च्या ‘किल बिल’मध्ये पुन्हा वापरली गेली आणि आज मूळ चित्रपटाचे नावही न ऐकलेली मुले ती मोबाइलवर वाजवतात. आपल्या दयेचाच कोणी आपल्याविरुद्ध वापर करील, ही भीती या कथेत खरी आहे आणि भयपट म्हणून तेवढी पुरेशी होती.

चित्रपट तिथे थांबत नाही, ही माझी तक्रार आहे. मार्टिन असा का झाला, याचे उत्तर तो पीटच्या जन्माकडे बोट दाखवून सुचवतो. गुणसूत्रांवरील (पेशींतल्या, आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांवरील) वैद्यकीय व्याख्यानाचा प्रसंग त्यासाठीच घातलेला दिसतो आणि ‘ट्विस्टेड नर्व्ह’ म्हणजे वाकडी झालेली नस; ती माणसाला पापी किंवा पुण्यवान ठरवते, असे शीर्षकच सुचवते. या चित्रपटाच्या लेखनात सहभागी असलेल्या लिओ मार्क्स यांनीच आठ वर्षांपूर्वी ‘पीपिंग टॉम’ लिहिला होता. तिथे खुनी तरुणाच्या विकृतीचे मूळ बापाने लहानपणी त्याच्यावर केलेल्या निर्दय प्रयोगांत होते. तो विचार कितीतरी प्रामाणिक होता. इथे मात्र ज्याने कोणाला बोटही लावले नाही, त्या पीटच्या माथी भावाचे पाप लागते. प्रदर्शनाच्या वेळीच यावर वाद झाला आणि या अवस्थेचा गुन्हेगारीशी सिद्ध झालेला कोणताही वैज्ञानिक संबंध नाही, असे निवेदन निर्मात्यांना सुरुवातीला जोडावे लागले. निवेदन काही सेकंदांत सरते, चित्रपट पुढे जवळजवळ दोन तास चालतो. प्रेक्षक काय घेऊन घरी जातो हे मी त्या संध्याकाळी ऐकले.

वस्तुस्थिती अशी आहे. पेशींत नेहमीच्या ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असणे, म्हणजे २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असणे, हे या अवस्थेचे कारण १९५९ मध्ये, म्हणजे हा चित्रपट निघण्याच्या नऊ वर्षे आधीच, जगासमोर आले होते. सुमारे ९५ टक्के मुलांत ही जादा प्रत आईवडिलांच्या बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होतानाच्या योगायोगाने येते. ती घराण्यातून आलेली नसते आणि भावंडांत उतरत नाही. तीन-चार टक्के मुलांत २१ व्या गुणसूत्राचा जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. त्यातल्या काही घरांत तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो आणि रक्ताच्या तपासणीत ते कळते. त्याही घरांत प्रश्न पुढच्या अपत्याच्या आरोग्याचा असतो, कोणाच्या स्वभावाचा किंवा चारित्र्याचा नव्हे.

हे इतक्या तपशिलाने लिहिते, कारण आपल्याकडे याची झळ भावंडांनाच बसते. नंदगड, जांबोटीपासून निपाणी, चिक्कोडीपर्यंत कोणत्याही गावी विचारा. घरात असे मूल असले की त्याच्या बहिणीचे ठरत आलेले स्थळ परत फिरते. “त्यांच्या रक्तातच आहे,” एवढे वाक्य त्याला पुरते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या बहिणी शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि पाहुणे येणार म्हटले की धाकट्या भावाला आतल्या खोलीत बसवण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्या आयांचे चेहरे मी पाहिले आहेत. भावाच्या रक्ताचा डाग दुसऱ्या भावावर लावणारा चित्रपट अशा समाजात नुसता दाखवून सोडून देणे मला पटत नाही.

त्यावर बंदी घाला असे मी मुळीच म्हणत नाही. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने जुलै २०२४ मध्ये चित्रपटांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी निकाल देताना साचेबंद, हिणवणाऱ्या चित्रणापासून दूर राहण्याची आणि वैद्यकीय माहिती पडताळून घेण्याची अपेक्षा व्यक्त केली. ती नव्या चित्रपटांसाठी आहे. जुन्या चित्रपटाबाबत ही जबाबदारी दाखवणाऱ्याने उचलायला हवी. संबंधित मंडळाला माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी असा चित्रपट लावताना आधी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला बोलवावे आणि नंतरच्या चर्चेत अशा मुलाच्या आईला किंवा बहिणीला व्यासपीठावर जागा द्यावी. आपल्या दैनिकानेही २१ मार्च या जागतिक डाऊन सिंड्रोम दिनाच्या आधी, लग्नसराई सुरू होण्यापूर्वी, गुणसूत्र-तपासणी कशासाठी असते आणि भावंडांना ती कधी लागते, याविषयी डॉक्टरांचा एक लेख छापावा. तो खेड्यापाड्यांतून वाचला जाईल आणि स्थळ पाहायला आलेल्यांपुढे ठेवायला त्या घरांच्या हाती काही तरी असेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विशेष शिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव