वैजूला, चिनूच्या डब्यावरून

प्रिय वैजू,

तीन आठवडे तुला उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा आहे, आईही ठीक.

"चिनू शाळेतलं काही सांगतच नाही" हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. अगं, सहा वर्षांच्या पोराला "आज काय केलंस?" विचारणं म्हणजे तुझ्या साहेबांनी "वर्षभर काय केलंत?" विचारण्यासारखं. तूही "काही विशेष नाही" म्हणशील.

फाटकाशी तर विचारूच नकोस. आधी हातपाय, खाणं, मग अर्धा तास नुसता लोळू दे. नंतर मटार सोलायला शेजारी बसव. समोर बसवलंस की उलटतपासणी होते. नजर शेंगांवर असली की तोंड सुटतं. सुरुवात डब्यावरून कर. "पोळी का उरली?" नको, "का" म्हटलं की पोरं सारवासारव करतात. "डबा खाताना शेजारी कोण होतं?" एवढंच. आठवायला काहीतरी धागा लागतो: डबा, वहीचं पान, गुडघ्यावरची माती. तरी गप्प राहिला तर मुद्दाम चूक. "आज पीटीच्या सरांनी गाणं शिकवलं ना?" मोठ्यांची चूक काढायला पोरं धावत येतात. तू नाही का, अंताक्षरीतला माझा 'ळ' अजून काढतेस!

मारामारीच्या बाबतीत मात्र ही युक्ती नको. "कुणी मारलं का?" रोज विचारलंस तर एक दिवस तुझा चेहरा बघून तो "हो" म्हणेल, आणि मग खरं काय ते कुणालाच कळणार नाही. स्वतःहून "मला ढकललं" म्हणाला, तर "ढकललं?" एवढंच म्हण आणि मनात दहा आकडे मोज. तुला जमणार नाही, माहितेय. "थांब, बाईंना फोनच करते" म्हणालीस की दुसऱ्या दिवसापासून तोंडाला कुलूप. फोन करायचाच तर त्याला सांगून. पण दर रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागलं, बंद झालेली झोपेतली शू परत सुरू झाली, तर थांबू नकोस, बाईंना जाऊन भेट.

आणि आधी तू सांग. "आज बस चुकली, असला राग आला!" इतकंच. तुमच्याकडे जेवताना फक्त टीव्ही बोलतो. (बोलले. भांड आता.)

बदलीचं काय झालं? भाऊजी अजून नाशिकलाच? माईंची लोणच्याची बरणी माझ्याकडे आलीये, लवकर ने. निम्मी झालीये.

तुझी,
शमा